सात जबड्यांचा पूल

साल एकोणीसशे सदुसष्ट. मी वीस वर्षांची होते आणि बाबांच्या दवाखान्यात कामाला होते. म्हणजे नावं नोंदवायची, प्लास्टर कालवायचं आणि घाबरलेल्या पेशंटच्या हातात रुमाल द्यायचा. बाबा दातांचे डॉक्टर. हात हलका, आणि जीभ त्याहून हलकी. दाढ उपटताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ते गोष्टी सांगत. ऐकणारा तोंडाचा आ करून बसलेला, त्यामुळे मधेच "असं कसं होईल, डॉक्टर?" म्हणायची कुणाची सोय नव्हती. वर्षानुवर्षं असे श्रोते मिळाले की माणसाचं काय होतं, ते त्या वर्षी आमच्या घराने पाहिलं.

आमच्या गावात छोट्या आगगाड्यांचे वेडे चार जण होते. एक बाबा. दुसरे घड्याळवाले काका, कमी बोलणारे, डोळ्याला भिंग लावूनच जन्मले असावेत असे. तिसऱ्या भूगोलबाई, शाळेतून निवृत्त झाल्या होत्या पण छडी अजून आवाजात होती. चौथे बेकरीवाले, अंगाने आडवे, मनाने हळवे, भुवयांवर कायम मैदा. या चौघांनी ठरवलं की ग्रंथालयाच्या हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन भरतं, तिथे यंदा आपण गाडी पळवायची. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक कोपरा बांधायचा. एक मोठी फळी, तिच्यावर वळणाचा रूळ, भोवती ज्याला हवा तो देखावा. प्रदर्शनाच्या सकाळी चारही कोपरे जोडले की गोल पूर्ण. एक जरी कमी पडला तरी गाडी जाणार कुठे?

दर महिन्याला बेकरीच्या मागच्या खोलीत बैठक भरे आणि कोणाचं काम कुठवर आलं ते प्रत्येक जण सांगे. भट्टीची ऊब, टेबलावर गरम बनपाव. मी बाबांबरोबर हटकून जायची. बैठकीचा एक नियम होता. काकांनी दुरुस्त केलेलं एक हिरवं इंजिन होतं, तेच पुढे गाडीला लागणार होतं. ज्याच्या तळहातावर ते इंजिन, त्यानेच बोलायचं. तो ते टेबलावर ठेवत नाही तोवर बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही.

आता विचार करा, असा नियम आणि आमचे बाबा!

बाकीचे खरं ते सांगत. बेकरीवाले इंजिन हातात घेऊन पडेल चेहऱ्याने म्हणत, "डोंगर केला होता. भुसा आणि कणकेची खळ. मुंग्या लागल्या." पुढच्या महिन्यात, "पुन्हा केला. उंदीर." भूगोलबाईंनी पुठ्ठ्याच्या थरांवर थर रचून टेकड्या केल्या आणि मग वारा कुठून वाहतो यावर दोन बैठका खाल्ल्या. शेवटी वारा डावीकडून वाहतो असं ठरलं आणि चौघांनीही आपापली झाडं उजवीकडे कलती करायची असा हुकूम सुटला. काकांनी स्टेशनच्या मनोऱ्यात खरं मनगटी घड्याळ बसवलं होतं. ते एवढंच म्हणत, "चालतंय," आणि इंजिन खाली ठेवत.

मग बाबा इंजिन उचलत. तळहातावर ठेवून जरा वजन केल्यासारखं करत आणि सुरू होत.

"पूल झाला. सात कमानींचा. खालून नदी, आणि नदीला फेस. फेसाचा रंग जमेपर्यंत माझा जीव गेला. पलीकडे मैदानात सर्कस उतरली आहे. तंबू लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. बाहेर हत्ती उभा, त्याचा एक कान किंचित पुढे, कारण त्याला गाडीची शिटी ऐकू आली आहे. सिग्नलच्या केबिनच्या मागे दोरीवर कपडे वाळताहेत, त्यात मोजा एकच आहे."

इंजिन खाली ठेवल्याबरोबर बेकरीवाले न राहवून विचारत, "दुसरा मोजा कुठे गेला?"

बाबा पुन्हा इंजिन उचलत. "केबिनच्या छपरावर बघा. शेळी उभी आहे. काय चघळतेय ती?"

बेकरीवाले टाळ्या पिटत. भूगोलबाईसुद्धा रुमालाआड हसत.

आणि घरी काय होतं? घरी, म्हणजे दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, बाबांची फळी भिंतीलगत दोन विटांवर आडवी ठेवलेली. तिच्यावर पेशंट चपला काढून ठेवत. रुळांचा खोका कपाटावर, दोरीसुद्धा सुटलेली नाही. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडातली बारीक कामं करून बाबांचे हात संध्याकाळी संप करत. पहिल्या बैठकीला सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांनी एक पूल सांगितला. तो इतका आवडला की दुसऱ्या बैठकीला नदी सांगणं भाग पडलं. कोपरे कुणी एकमेकांच्या घरी जाऊन बघायचे नाहीत, प्रदर्शनाच्या दिवशीच बघायचे, अशी अटही बैठकीत मंजूर झाली होती. ती कोणी मांडली हे सांगायला नको.

एकदा दवाखान्याचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून काका आले. बाबा जेवायला गेले होते. काकांनी घड्याळ उतरवलं, पुसलं, चालू केलं, आणि पायात चपला घालताना त्या फळीकडे जरा वेळ बघत राहिले. "फळी छान आहे," म्हणाले आणि गेले.

प्रदर्शनाला आठवडा उरला तेव्हाच्या बैठकीत भूगोलबाईंनी इंजिन उचललं. "माझं तळं पूर्ण झालं. डॉक्टरांची नदी माझ्या तळ्यात येते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे काठापासून वीतभर आत. मी तोंड मोकळं ठेवलंय." मग काका. "रस्ता झाला. माझ्या स्टेशनपासून डॉक्टरांच्या सर्कशीच्या दिशेने. माणसं निघालीत." बेकरीवाले म्हणाले, "मी डोंगर पुन्हा पाडला. डॉक्टरांच्या पुलाशेजारी शोभला पाहिजे ना! आता प्लास्टरचा करतोय."

बाबांची पाळी आली. त्यांनी इंजिन उचललं, उघडलेलं तोंड मिटलं आणि म्हणाले, "तयार आहे."

घरी येऊन ते दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडले. आई घाबरली. "अहो, बरं नाही का?" तेव्हा सगळं बाहेर आलं. आमची आत्या, बाबांची थोरली बहीण, तिथेच स्वेटर विणत होती. तिने आयुष्यभर बाबांच्या थापा पचवल्या होत्या.

"सात कमानी?" आत्या म्हणाली. "तीनवर भागलं नसतं?"

"ताई, बोलताना सातच येतात गं तोंडात."

"तर! दुसऱ्यांना आ करायला सांगतोस, आता स्वतः आ करून बस."

"मी उद्या जाऊन सांगतो. नाव काढून घेतो."

"आणि गोल कसा पुरा व्हायचा?" मी म्हटलं. "बाईंच्या तळ्यात पाणी कुठून यायचं? बेकरीवाल्यांनी डोंगर पाडलाय तुमच्या पुलापायी."

बाबांनी उशी तोंडावर ओढली. वर्षभर जी तीन माणसं त्यांच्या शब्दावर रस्ते, तळी न् डोंगर बांधत होती, त्यांच्यासमोर रिकामी फळी घेऊन उभं राहायचं होतं. बाबा लाजलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते.

आत्याने विणकाम गुंडाळलं. "काय काय सांगितलंय याने, कुणाला आठवतंय का?"

मला सगळं आठवत होतं. माझी स्मरणशक्ती ही तेव्हापासूनची खोड आहे. मी सुरू केलं: पूल, फेस, तंबू, हत्तीचा कान, मोजा, शेळी, टेकडीवर छत्री धरून उभी राहिलेली बाई, जिची छत्री उलटी झाली आहे.

"ती कधी सांगितली मी?" उशीखालून आवाज आला.

"भर उन्हाळ्यात. बाई वाऱ्याबद्दल बोलल्या तेव्हा."

"चांगली आहे," बाबा म्हणाले आणि उठून बसले.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझ्या पोटात गुदगुल्या होतात. दवाखाना दुपारी बंद ठेवायचा. फळीवरच्या चपला जमिनीवर आल्या. आईने जुन्या चादरीवर आकाश रंगवलं, आणि एकदा हात बसल्यावर ती थांबेचना. ढग इतके झाले की आत्या म्हणाली, "आता त्या उलट्या छत्रीचा तरी काय उपयोग!" तंबू आत्याने बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातून कापला. बाबांना ते तो शर्ट घालायला गेले तेव्हा कळलं. फेस जमेना. शेवटी दात घासायची पांढरी पावडर डिंकात कालवली आणि काय फेस आला म्हणून सांगू! नदीला पुदिन्याचा वास यायचा.

अडलं ते पुलापाशी. कमानी कशाच्या करायच्या? पुठ्ठा वाकेना, लाकूड कापायला वेळ नव्हता. बाबा दवाखान्यात येरझारा घालत होते आणि मी सहज वर बघितलं. मांडणीवर ओळीने साचे होते, कवळी करण्यासाठी घेतलेले, प्लास्टरचे. खालच्या जबड्याचा साचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा असतो. दोन टोकांवर उभा केला की कमान!

मी एक उचलला आणि टेबलावर उभा केला. बाबांनी बघितलं. त्यांनी दुसरा शेजारी ठेवला. आम्ही दोघं इतके हसलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

जुने, काम संपलेले साचे मी टोपलीत गोळा केले. दात दिसणारी बाजू मागे, टेकडीच्या अंगाला, म्हणजे लोकांना दिसायची नाही. करडा रंग दिला की दगडी बांधकाम. पोस्टमास्तर, शिंपी, ग्रंथपालबाई, सगळे नदीत पाय रोवून उभे राहिले. शेवटी एक कमान कमी पडली. "थांबा," म्हणत आत्या आत गेली आणि खिडकीत वाळत ठेवलेला एक साचा घेऊन आली. तो कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांचे हात रंगात होते.

आणि बाबा! वर्षभर संपावर गेलेले त्यांचे हात परत कामावर आले. दाताच्या पोकळीत चांदी भरायच्या सुईने त्यांनी शेळीची दाढी कोरली. मोजा गुलाबी मेणाचा केला. ज्या गोष्टी वर्षभर नुसत्या तोंडात होत्या त्या बोटांतून बाहेर पडत होत्या आणि बाबा शिट्टी वाजवत होते. हत्ती तेवढा शेवटपर्यंत जमेना. पहिला डुक्कर झाला, दुसरा सोफा. शेवटचा आत्याने प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता केला.

हॉलमध्ये चार कोपरे आले. आमच्या फळीवर झाकलेलं कापड बाबांनी ओढलं आणि तिघं बघतच राहिले. भूगोलबाईंनी चष्मा पुसला. नदी त्यांच्या तळ्याला बरोबर जाऊन मिळाली होती.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगत होता त्यात मी निम्मं सोडून द्यायची. क्षमा करा."

बाबा कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, सुटलो.

बेकरीवाले फळ्या आतून स्क्रूने जोडायला गोलाच्या मधोमध शिरले. खाली वाकले. एक स्क्रू पिळला, दुसरा पिळला. मग उठता उठता त्यांची नजर पुलाच्या मागच्या बाजूवर गेली आणि ते तिथेच ओणवे राहिले.

"हे माझे दात आहेत," ते म्हणाले.

त्यांनी शेवटच्या कमानीवर बोट टेकवलं.

"हे बघा ना. हा वाकडा सुळा. आणि इथे पुढची फट. हे दोन दात मी गेल्या शनिवारी माझ्याच टोस्टावर मोडले! सोमवारी डॉक्टरांनी साचा घेतला." ते बोलत होते आणि त्या फटीतून शब्दांबरोबर वारा सुटत होता. "पूल तर पहिल्या बैठकीलाच झाला होता ना, डॉक्टर? मग माझे सोमवारचे दात त्याच्यात कसे?"

आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "मेले. खिडकीतला."

बाबांनी सगळ्यांकडे बघितलं. टेबलावर हिरवं इंजिन होतं. ते त्यांनी तळहातावर घेतलं. आम्ही वाट बघत होतो की आता एखादी अचाट गोष्ट निघेल, दातांची, भूकंपाची, कशाची तरी.

"मी वर्षभर काही केलं नव्हतं," बाबा म्हणाले. "तुम्हाला सांगायला मजा यायची म्हणून सांगत होतो. हे सगळं या आठवड्यातलं आहे. आणि माझ्या एकट्याचं नाही." त्यांनी इंजिन खाली ठेवलं. एवढं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"म्हणजे नदी?" भूगोलबाई.

"मंगळवारची."

"तंबू?"

"गुरुवारचा."

"आणि हत्ती?"

"हत्ती आज सकाळचा," आत्या म्हणाली. "अजून ओला आहे. हात लावू नका."

बेकरीवाल्यांना हसू आलं नाही. "मी जळत होतो हो तुमच्यावर," ते हळूच म्हणाले. "मला मुंग्या लागत होत्या आणि तुमचा फेस जमत होता. तुमच्या पुलासाठी मी डोंगर पाडला. चांगला होता तो डोंगर."

बाबांची मान खाली. तेव्हा घड्याळवाले काका पुढे आले. त्यांनी इंजिन उचललं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी फळी पाहिली होती. वर चपला होत्या."

इंजिन त्यांच्या हातातच होतं, पण भूगोलबाई नियम विसरल्या. "अहो, मग तुम्ही तो रस्ता कशाला बांधलात? एवढी माणसं चालत काढलीत, कुठे?"

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. "मला सर्कशीला जायचं होतं," ते म्हणाले.

आधी भूगोलबाई फुटल्या. मग आई. मग बेकरीवाल्यांच्या पोटाला हलकासा धक्का बसला, मग मोठा, आणि ते गोलाच्या मधोमध उभे राहून, हात पसरून असे हसले की पुलावरचा रूळ थरथरला. "पडेल!" सगळे ओरडले. पडला नाही. सात जबडे घट्ट उभे होते.

"पण माझ्या कवळीचं काय?" डोळे पुसत ते म्हणाले.

"ती या साच्यावरूनच करायची होती," बाबा म्हणाले. "आता पूल मोडल्याशिवाय..."

"खबरदार पुलाला हात लावाल तर! मी पाव भिजवून खाईन."

दारं उघडली. काकांनी इंजिनामागे डबे जोडले आणि बटण हळूच फिरवलं. गाडी स्टेशनातून निघाली, बेकरीवाल्यांच्या डोंगराला वळसा घालून पुलाच्या तोंडाशी आली. बाबांनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. पहिली कमान, दुसरी, तिसरी, ग्रंथपालबाई, शिंपी, पोस्टमास्तर, आणि शेवटी बेकरीवाले. गाडी पलीकडे गेली, सर्कशीवरून, हत्तीच्या पुढे आलेल्या कानावरून, तळ्याकाठाने, आणि परत स्टेशनात. गोल पुरा झाला.

पण त्या दिवशी गाडीपेक्षा पुलाचं कौतुक जास्त झालं, ते बेकरीवाल्यांमुळे. ते गोलात उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला फटीतून वारा सोडत सांगत होते, "मागून या, मागून या! माझे दात बघा!" झालं, गावभर बातमी गेली. ज्यांनी ज्यांनी बाबांकडे कवळी केली होती ते सगळे आपला जबडा शोधायला आले. शिंप्याला त्याचा सापडला. पोस्टमास्तर आणि ग्रंथपालबाई यांचं एकाच कमानीवरून वाजलं, आणि दोघंही तोंड उघडून बाबांना म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा!" हॉलभर माणसं आ करून उभी, आणि मधे बाबा. या वेळी मात्र ते काही सांगत नव्हते, नुसते हसत होते.

आता त्यातलं कुणी नाही. बेकरीवाल्यांनी पुढे कवळी करून घेतली, पण फट तशीच ठेवायला लावली. म्हणे, पूल माझ्यासारखा दिसला पाहिजे आणि मी पुलासारखा. त्यांचा प्लास्टरचा डोंगर सुनेने बेकरीच्या खिडकीत मांडला, केकच्या शेजारी, आणि तो विकत मागणारी गिऱ्हाइकं कित्येक वर्षं येत. भूगोलबाई म्हातारपणी भाच्याकडे राहायला गेल्या तेव्हा तळं टॅक्सीच्या टपावर बांधून नेलं. वारा लागेल म्हणून वाटेभर काच उघडून हात वर धरून बसल्या होत्या. काका दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मनोऱ्यातलं घड्याळ त्यानंतरही चालत होतं. आत्याला चौघांच्या मंडळाने सदस्य करून घेतलं आणि पुढे तिने असे हत्ती केले की सर्कशीला मैदान पुरेना. आई ढग रंगवत राहिली. बाबांनी थापा सोडल्या असं म्हणवत नाही, पण जे सांगत ते वर्षाच्या आत करून दाखवायची त्यांना धास्ती बसली होती, त्यामुळे आमच्या घरात शेवटी एक दीपगृह, दोन बोगदे आणि एक ज्वालामुखी झाला.

मी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले, मुलं झाली, नातवंडं झाली. माझे स्वतःचे दात आता झोपताना भांड्यात असतात. पूल माझ्याकडे आहे. रंग उडालाय, सुळा शाबूत आहे. नदी नाकाशी धरली तर पुदिना अजून येतो, निदान मला तरी येतो.

आणि हिरवं इंजिन. ते मी तळहातावर घेतलं की घरातले सगळे गप्प बसतात, नातसुनासुद्धा. आता मात्र नातू समोर हात पुढे करून बसलाय. म्हणतो, आजी, ठेव ना खाली, मला सांगायचंय, मी बंदर बांधलंय, त्यात आठ जहाजं आहेत.

आठ! त्याची फळी मी कालच पाहिलीये. पण ठेवते.